तोंडावर सांगणारी आत्या

आत्याला शांत बघायचं असेल तर तिच्या कामाच्या खोलीत जावं, असं तिची वहिनी म्हणायची. हॉकीच्या मैदानावर ती दिसायच्या आधी ऐकू येते.

कामाची खोली म्हणजे दातांच्या दवाखान्याची मागची बाजू. पुढे डॉक्टरीणबाई दात काढायच्या आणि मागे आत्या दात बनवायची. खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर छोटासा गॅसचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, सुऱ्या-कोरण्या, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. नवा माणूस आत आला की दचकायचा. आत्या मात्र त्या जबड्यांच्या संगतीत तीस वर्षं सुखाने बसली होती. धंदा वडिलांचा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आपल्या घरचं तर त्यावरच भरलं, हा वडिलांचा आवडता विनोद होता. तिने त्यांच्याकडून कसब उचललं आणि पुढे त्यांच्याहून चांगलं चालवलं. कवळी बसवताना ती एखादा दात मुद्दाम किंचित तिरका लावायची, एखाद्याचा पांढरेपणा जरा कमी करायची. माणूस हसला की दात त्याचेच वाटले पाहिजेत, कवळी हसतेय असं वाटता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं. लग्न तिने केलं नाही. थोरल्या भावाच्या घरी, भाऊ-वहिनी आणि भाचरांबरोबर ती राहायची. भाचरं आत्या म्हणायची म्हणून दवाखाना आत्या म्हणू लागला, आणि दवाखान्यावरून मैदानही.

तिच्या जिवाचा दुसरा अर्धा भाग त्या मैदानावर होता. शहराचा हॉकी संघ तिच्या तरुणपणी एकदा अजिंक्य ठरला होता. त्यानंतर त्याने लोकांना फक्त आशा दाखवली. दर मोसमात आत्या पूर्वेकडच्या गॅलरीत, खालून चौथ्या पायरीवर बसायची. शेजारी तिचा थोरला भाऊ, दादा. दादाचं काम दोनच प्रकारचं: आत्याची पिशवी सांभाळायची आणि पुढच्या रांगेतल्यांची माफी मागायची. कारण आत्या खेळाडूंना कधीच बोलायची नाही. चेंडू पायाखालून गेला तरी ती म्हणायची, "होतं रे, होतं." पण सामना थांबला, की ती समोरच्या छपराखाली बसलेल्या समितीकडे वळायची आणि मग तिचा आवाज अख्ख्या मैदानाला पुरायचा.

बोलायला कारणंही कमी नव्हती. एका मोसमात तीन प्रशिक्षक बदलले. पोरांना कुणाची शिट्टी खरी तेच कळेना. लाख वाखाणलेला एक आघाडीवीर आणला, तो आला तोच दुखरा खांदा धरून. मैदानाच्या डाव्या बाजूचे पाण्याचे फवारे बंद पडलेले. हॉकीच्या कृत्रिम गवताला पाणी लागतं. कोरड्या भागात चेंडू अडखळत उड्या मारायचा आणि आपलेच खेळाडू आपल्याच मैदानावर फसायचे. खेळाडूंना अंघोळीला गरम पाणी नाही, पण फाटकावर मात्र नवी सोनेरी कमान चढली. आत्या त्या कमानीखालून जाताना दरवेळी मान वर करून म्हणायची, "हत्तीचे दाखवायचे दात. खायचे कुठेयत?" धंद्याचीच उपमा असल्याने ती तिच्या तोंडी शोभायची.

सगळ्यात वाईट घडलं ते अंतिम सामन्याच्या आदल्या आठवड्यात. पेनल्टी कॉर्नरवर हमखास गोल मारणारा आपला एकमेव खेळाडू समितीने दुसऱ्या क्लबला देऊन टाकला. अंतिम सामन्यात आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाले भरपूर, आणि मारायला माणूस नाही. चेंडू एकदाही जाळ्यात गेला नाही. त्या दिवशी आत्या ओरडली नाही. घरी आली, जेवली नाही, आणि झोपण्याऐवजी वहिनीसमोर बसून समितीचा एकेक माणूस घेऊन सोलत राहिली. वहिनीने आयुष्यात हॉकीचा सामना बघितला नव्हता. ती वाटाणे सोलत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "वन्सं, हे सगळं त्यांना सांगायचं ना. मला सांगून पालथ्या घड्यावर पाणी."

"ते ऐकतील तेव्हा ना! जवळ तरी कोण जाऊ देतंय?"

आणि मोसम संपल्यावर थोड्याच दिवसांनी क्लबचे अध्यक्षच दवाखान्यात आले.

अध्यक्ष म्हणजे शहरातल्या मोठ्या फर्निचरच्या दुकानाचे मालक. उंच, नीटनेटके, हसताना तोंडावर हात धरायची सवय असलेले. ती सवय का होती ते डॉक्टरीणबाईंनी त्यांचं तोंड उघडल्यावर कळलं. वरचे दात एकूण एक हलत होते. ते काढले, हिरड्या भरून आल्या, आणि कवळीचं माप घ्यायची वेळ आली. मापाचं काम डॉक्टरीणबाईंनी कधीच आत्यावर सोपवलेलं होतं. आत्या पुढच्या खोलीत आली आणि खुर्चीत कोण आडवं झालंय ते तिला दिसलं. अध्यक्षांनीही तिला ओळखलं. आवाजावरून लगेच ओळखलं असतं, चेहऱ्यावरून जरा वेळ लागला. ते सावरून बसू लागले, पण तोवर आत्याने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं होतं.

माप घेतात ते असं: लापशीसारखं घट्ट मिश्रण पत्र्याच्या साच्यात भरायचं, साचा टाळूला दाबून धरायचा आणि ते घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. त्या वेळात माणसाला एक शब्द बोलता येत नाही. आत्याने साचा बसवला, दोन बोटांनी दाबून धरला, आणि इतकी वर्षं मनात साठवलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं. कमान, फवारे, तीन प्रशिक्षक, पेनल्टी कॉर्नर. कुठून सुरुवात करू आणि कुठून नको असं तिला झालं. "आता ऐका," ती म्हणाली.

आणि तिने खाली बघितलं. अध्यक्षांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिश्रण घशाशी आलं की काही जणांना गुदमरल्यासारखं होतं, त्यातले ते होते. खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते. आत्याने त्यांचं डोकं जरा पुढे झुकवलं. नाकाने श्वास घ्या, पायाची बोटं हलवत राहा, तिकडेच लक्ष द्या, असं ती त्यांना हळू आवाजात सांगत राहिली. मोठे बूट टोकाशी वळवळू लागले. श्वास ताळ्यावर आला. आता त्या माणसावर ओरडणं तिच्याच्याने होईना. मग सगळ्यातलं एकच तिने काढलं, आणि तेही नेहमीच्या बोलण्यासारखं सांगितलं.

आपल्याकडे एक डाव्या बाजूचा हाफ होता, ती म्हणाली, बँकेत कारकून होता तो. किती वर्षं खेळला. गेल्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला तो बॅग घेऊन आला, कपडे बदलायच्या खोलीत बसला, आणि त्याला दिसलं की आपला नंबर दुसऱ्याच्या पाठीवर आहे. तेवढ्यावरून त्याला कळलं. त्याच्या दातांसाठी मी माउथगार्ड बनवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो इथे आला आणि म्हणाला, आता नको ते. "काढा हो माणसाला," आत्या म्हणाली. "संघ आहे, काढावंच लागतं. पण त्याला तोंडावर सांगायला तुमच्यातला एकही उठला नाही?"

साचा निघाला. अध्यक्षांनी चूळ भरली आणि तोंड पुसलं. त्यांना हे माहीत नव्हतं. सचिवांनी सांगितलं असेल असं त्यांनी धरलं होतं, आणि सचिवांनी प्रशिक्षकाने सांगितलं असेल असं. मग दात नसलेल्या बोबड्या आवाजात ते म्हणाले, "बोलणं सोपं असतं, बाई. सभासदांच्या प्रतिनिधीची एक जागा आहे समितीत. कित्येक वर्षं रिकामी आहे. या तुम्ही. तुम्हीच सांगा लोकांना तोंडावर."

आत्याने घरी येऊन हे असं सांगितलं जणू कुणी तिचा अपमानच केला होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांच्या पंगतीत ती बसणार नव्हती. दादा गप्प राहिला, कारण समितीच्या छपराखाली पिशवी सांभाळायला कुणी लागत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. वहिनी म्हणाली, "इतकी वर्षं आमच्या स्वयंपाकघरात बसून समिती चालवलीतच की तुम्ही. आता खरी चालवा. निदान वाटाणे तरी शांतपणे सोलता येतील मला."

आत्या गेली.

समितीची खोली कपडे बदलायच्या खोल्यांच्या वर होती. टेबलावर काच, काचेखाली जुन्या संघांचे फोटो, त्यांच्यावर चहाच्या कपांची वर्तुळं. आत्याला वाटलं होतं, आत शिरलं की चोर कोण ते पहिल्याच बैठकीत कळेल. चार बैठका झाल्या तरी चोर सापडेना. कोणी चोर नव्हतंच, हीच खरी पंचाईत होती. प्रत्येकाला वाटत होतं की ते काम दुसऱ्याने केलंय. फवाऱ्यांचंच बघा. पंपवाला म्हणायचा पाइप खराब आहे, पाइपवाला म्हणायचा पंप. सचिव भला माणूस. ज्याच्याशी शेवटचं बोलणं होईल त्याचं त्याला पटायचं. अशात दोन वर्षं गेली होती. आत्याने दोघांना एकाच दिवशी मैदानावर बोलावलं, एकमेकांसमोर उभं केलं आणि स्वतः मध्ये स्टूल टाकून बसली. संध्याकाळपर्यंत डाव्या बाजूला पाणी उडालं. सराव करणारी पोरं भिजत ओरडली. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिचीही साडी ओली होती आणि ती वहिनीला म्हणाली की कमानीवर एवढे लोक चढले, त्यातल्या एकाने जरी खाली वाकून बघितलं असतं तरी भागलं असतं.

पण सगळंच असं सुटलं नाही. या वर्षी प्रशिक्षक बदलायचा नाही, असं ती टेबलावर हात आपटून म्हणाली आणि सगळ्यांनी मानलं. भर मोसमात तो प्रशिक्षक स्वतःच दुसरीकडे चांगली नोकरी बघून निघून गेला. जाताना कुणाला बोललाही नाही. संघ लागोपाठ हरला. गॅलरीतल्या जुन्या सोबत्यांनी विचारलं, "आत्या, या खेपेला कुणाच्या नावाने ओरडायचं?" आत्या म्हणाली, "माझ्या. मीच ठेवला होता त्याला." आणि ते खरंच ओरडले. तिनेच शिकवलेल्या शब्दांत ओरडले. समोरच्या छपराखालून ते कसं ऐकू येतं ते आत्याला पहिल्यांदा कळलं. ती उठून गेली नाही. शेवटच्या शिट्टीपर्यंत बसून राहिली.

त्याच मोसमाच्या शेवटी कुलपाचा विषय निघाला.

कुलूप म्हणजे आपला गोलकीपर. तो गोलात उभा राहिला की कुलूप लागलं असं लोक म्हणायचे, त्यावरून नाव पडलं. काडीसारखा पोरगा असताना तो संघात आला. पहिल्याच वर्षी सरावात, शिरस्त्राण न घालता उभा राहिला आणि पुढचे तीन दात घालवून बसला. ते दात आत्याने बनवले होते. तेव्हापासून तो तिचा. सामन्यानंतर मैदानातून बाहेर जाताना तो चौथ्या पायरीकडे बघून सगळे दात दाखवून हसायचा, आणि आत्या शेजारच्याला सांगायची, "बघा, ओळखून दाखवा त्यातले माझे कुठले."

नवा प्रशिक्षक बैठकीत सरळ बोलला. कुलपाचा डावा गुडघा गेलाय. डावीकडे खाली जायला त्याला उशीर होतो. दुसरा तरुण गोली तयार आहे. सगळे आत्याकडे बघत होते. तिने नाही म्हटलं असतं तर बहुतेक त्यांनी ऐकलं असतं. आत्या काचेखालच्या फोटोंकडे बघत बसली. प्रशिक्षक सांगत होता ते तिने आधीच बघितलं होतं. गेलं सबंध वर्ष चेंडू डावीकडे आला की ती खुर्चीवरून अर्धी उठायची. तिने ते दादालाही सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. आत्याने केला.

मग सचिवांनी घसा खाकरून विचारलं, कळवायचं कसं? आणि कुणी उत्तर द्यायच्या आधीच आत्या म्हणाली, उद्या मी जाते.

कुलूप दिवसा काचेच्या दुकानात कामाला होता. लाकडी घोड्यांवर काचेची मोठी तावदानं उभी, मधे जाड कापड अंथरलेलं टेबल, आणि मागच्या भिंतीला विकायचे आरसे. आत्या आत आली तेव्हा तो काचेवर पट्टी ठेवून कापायचा हिरा फिरवत होता. चर्र असा आवाज आला. तिला बघून तो हसला, खुर्ची पुसून दिली, आणि आरसा हवाय का असं त्याने विचारलं. येताना आत्याने आडवळणाची बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तिला आता बोलवेना.

"आरसा नको," ती म्हणाली. "पुढच्या मोसमाला तू संघात नाहीस. समितीचं ठरलं काल. दुसरीकडून कळायच्या आधी मी सांगायला आले."

त्याने हिरा खाली ठेवला. तो पट्टीची कड अंगठ्याने घासत राहिला. आत्याला कुठे बघावं कळेना, कारण जिकडे बघावं तिकडे आरशात तीच उभी होती.

"हात कुणीकुणी वर केला?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी, असं ती म्हणू शकली असती. ते खोटंही नव्हतं.

"मी केला," ती म्हणाली.

"का?"

"डावीकडे जायला तुला उशीर होतो. वर्षभर बघतेय मी."

"वर्षभर?" तो म्हणाला. "मग तेव्हा का नाही बोललात? गॅलरीतून तर सगळ्यांना सगळं सांगता. मला तेवढं नाही सांगितलंत. गुडघ्याचं काही केलं असतं मी. निदान स्वतःहून थांबलो असतो."

आत्या एक पाऊल पुढे आली.

"जा तुम्ही आता," तो म्हणाला, आणि पुन्हा काचेवर वाकला. ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागे काच वेडीवाकडी तुटल्याचा आवाज झाला. तिने मागे वळून बघितलं नाही. वळून बघितलेलं त्याला आवडलं नसतं, एवढं तिला त्याच्याबद्दल माहीत होतं.

त्या दिवशी ती दवाखान्यात परत गेली आणि एका म्हाताऱ्या बाईच्या कवळीचं मेण तिने तीनदा वितळवलं. संध्याकाळी वहिनीला सगळं सांगून म्हणाली, की तोंडावर सांगून काय मिळालं? तो बँकेतला मुलगा निदान आपल्याशी चांगला तरी बोलतो अजून. हा आता जन्मात बोलायचा नाही. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "याला रागवायला समोर कुणीतरी होतं, वन्सं. त्या बँकेतल्या मुलाला तेवढंही मिळालं नव्हतं." आणि घडी घातलेली चादर आत्याच्या हातात देऊन म्हणाली, टोकं धरा.

कुलूप खरंच बोलला नाही. मैदानाकडे तो फिरकला नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जायचा. नव्या गोलीने सुरुवातीच्या सामन्यांत दोन-चार अगदी साधे गोल सोडले आणि गॅलरीतून आत्याचा उद्धार झाला. तिने तोही ऐकून घेतला. पण त्या मोसमाच्या मध्यावर आघाडीच्या एका खेळाडूला काढायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या माना आत्याकडे वळायच्या आत अध्यक्ष म्हणाले, या वेळी मी जातो. गेले. परत आले ते समितीच्या खोलीत न जाता थेट दवाखान्याच्या मागच्या खोलीत आले आणि जबड्यांच्या फळीखाली स्टुलावर बसले. कवळी छान बसली होती त्यांना. हसताना तोंडावर हात धरायची सवय सुटली होती. पण त्या दिवशी ते हसत नव्हते. "त्याच्या आईने मला चहा दिला," ते म्हणाले. "मी सांगितल्यानंतर दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." आत्याने हातातली कोरणी बाजूला ठेवली आणि त्यांच्यासाठी पाणी ओतलं. क्लबात पुढे कुणाला काढलं तर त्याच्या घरी जाऊन सांगायचं, हा रिवाज तिथून पडला. कुठे लिहून ठेवलेला नाही. पण त्यानंतर आपला नंबर दुसऱ्याच्या पाठीवर बघायची वेळ कुणावर आली नाही.

पुढच्या मोसमात शेजारच्या शहराचा संघ आपल्या मैदानावर आला. हा संघ म्हणजे दरवर्षी आपण हमखास हरवायचा संघ. समितीवरची आत्याची मुदत अजून उरली होती, पण त्या दिवशी छपराखाली ऊन येत होतं म्हणून ती चौथ्या पायरीवर दादाशेजारी जाऊन बसली. सामना सुरू झाला आणि त्यांच्या गोलीने आपला पहिला पेनल्टी कॉर्नर अडवला. मग दुसरा. मग तिसरा, पायाने, डावीकडे पसरून. कालपर्यंत ज्याच्या दोन पायांतून बैलगाडी गेली असती असा तो पोरगा आज जागच्या जागी फिरून चेंडू खात होता. आपण हरलो. आत्याला राहवेना. तिने त्यांच्या बाकाकडे बघितलं. तिथे, पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटशेजारी, डावा पाय लांब करून कुलूप बसला होता. दुकान सांभाळून सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गोलींना शिकवायला त्यांनी त्याला नेलं होतं.

आत्या उठून उभी राहिली. जुना आवाज आपोआप बाहेर पडला.

"अरे, याला जाऊ कसं दिलं? खेळता येत नसेल, शिकवता तर येतं! कुठल्या शहाण्याच्या डोक्यात हे आलं नाही?"

पुढच्या रांगेतले दोघे मागे वळून तिच्याकडे बघत राहिले. दादाने सवयीने माफी मागायला तोंड उघडलं, पण कुणाची मागावी त्याला समजेना.

"माझ्याच डोक्यात आलं नाही," आत्या म्हणाली, आणि खाली बसली.

पुढच्या बैठकीत तिने हा विषय स्वतःच काढला. त्याला नाही म्हणायला गेले तेव्हा नुसतं नाही म्हणून आले, त्याच्यापाशी अजून काय आहे ते विचारायचं सुचलं नाही, असं तिने सांगितलं. बाकीच्यांनाही सुचलं नव्हतं, पण बैठकीत हे कबूल करायची पद्धत नव्हती. त्या दिवशी मात्र सचिव म्हणाले, मलाही नाही सुचलं हो. मग अध्यक्ष आणि आत्या असे दोघे जण कुलपाला विचारायला गेले. दुकान बंद व्हायच्या वेळेला गेले. त्याने दोघांना बसायला दिलं, चहा मागवला, आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाही जमणार," तो म्हणाला. "तिकडची पोरं आता माझ्या हाताखाली रुळलीत. मोसमाच्या मध्ये सोडून गेलो तर ती म्हणतील, सांगायलाही आला नाही."

"सांगून ये," अध्यक्ष म्हणाले.

"तसं नव्हे हो." मग आत्याकडे बघून म्हणाला, "डावीकडे उशीर होत होता, ते खरं होतं. पण राग अजून आहे माझा."

"असू दे," आत्या म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर मलाही आला असता."

अध्यक्षांनी आणखी एकदा गळ घालून बघितली. तो बधला नाही. चहा संपला. आत्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही, आणि भीती वाटली होती तसंही नाही. दोघं निघाली, तेव्हा कुलपाने दुकानाचं शटर खाली ओढलं आणि, मलाही त्याच बाजूला जायचंय, म्हणून तो बरोबर चालू लागला. मग तोच म्हणाला, की तुमच्या नव्या गोलीचं वजन टाचांवर असतं. चेंडू येईपर्यंत तो मागे रेललेला असतो, मग पुढे यायला त्याला अर्धं पाऊल जास्त लागतं. ते आधी सुटलं पाहिजे. आत्याने विचारलं, कसं सोडवायचं? तो रस्त्याच्या कडेला थांबला, पिशवी खाली ठेवली, गुडघे वाकवून उभा राहिला आणि दाखवू लागला. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. अध्यक्ष बाजूला उभे राहून त्याची पिशवी सांभाळत होते, आणि आत्या, एक शब्द मध्ये न बोलता, त्याच्या पायांकडे बघत होती.